ईपिक: पदवी तपासणी चोख, पण नावाची भानगड आधी मिटवा

ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायची तर तिथली जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे जीएमसी, २०१८ पासून परदेशी पदवीची पडताळणी ‘ईपिक’मधूनच मागते. ही सेवा ईसीएफएमजी या अमेरिकेतल्या संस्थेची. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची एमबीबीएस असो की अमेरिकेतली डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन), रांग एकच.

डीओच्या बाबतीत मात्र एक घोळ हमखास होतो. अमेरिकेतला डीओ औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो. तो पूर्ण डॉक्टर, आणि ती पदवी जीएमसीला चालते. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ सांधे-स्नायूंवर हाताने उपचार करतो, त्याची नोंदणी जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे. या ऑस्टिओपॅथीचं शिक्षण ईपिकवर चढवून जीएमसीचं दार उघडत नाही. उलट बाजूही तितकीच कडक: जीएमसीत नाव असलेल्या अमेरिकन डीओने त्या दुसऱ्या कौन्सिलच्या नोंदणीशिवाय पाटीवर ‘ऑस्टिओपॅथ’ लिहिलं, तर १९९३च्या कायद्याने तो गुन्हा.

ईपिकवर खातं उघडणं सोपं. ओळख पटवण्याचा फॉर्म व्हिडिओ कॉलवर नोटरीसमोर करायचा, पासपोर्ट हातात ठेवून. सही आधीच ठोकून बसू नका, ती नोटरीच्या डोळ्यांदेखतच हवी. मग अंतिम पदवीचा रंगीत, कडा न कापलेला स्कॅन. प्रोव्हिजनल चालत नाही, त्यामुळे पदवीदान रखडलेल्यांनी पैसे भरायची घाई करू नये. पदवी चढवतानाच अहवाल कोणाला पाठवायचा तिथे जीएमसी निवडा. हे राहून गेलं तर पदवी तपासून तयार, आणि जीएमसीकडे कागदच नाही.

खरी गाडी अडते ती नावावर. पदवीवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं: आपल्याकडे यात नवल काहीच नाही, पण तपासणाऱ्याला ही दोन माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत सुरुवातीलाच जोडा. ईपिक, जीएमसी आणि पासपोर्ट, तिन्हीकडे नाव अक्षरशः एकच ठेवा.

पुढे ईसीएफएमजी थेट विद्यापीठाला विचारते, आणि वेळ जातो तो तिथे. पोर्टलवर स्थिती दिसते, पण विद्यापीठाच्या टेबलावरचा कागद हलवणं आपल्याच अंगावर. परीक्षा विभागात ईपिक क्रमांक घेऊन पाठपुरावा करा. घाई असेल तर ही सेवा उपयोगाची नाही, नेमकेपणात मात्र खोट काढायला जागा नाही.

म्हणून प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीच्या जीएमसीच्या परीक्षेच्या, पहिल्या पेपरच्या आधीच ईपिकचा अर्ज टाकावा. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७, दोनच वर्षं चालतात. प्लॅबचा दुसरा टप्पा पास झाल्यावरही नोंदणीच्या अर्जाला दोनच वर्षं. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या वैद्यक परिषदेचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला, तर तीन महिन्यांत शिळं होतं, ते ईपिकचा अहवाल जीएमसीत पोहोचल्यावरच काढा.