शेअर घेणारा एआय एजंट आणि दिवसाची दहा हजारांची मर्यादा: सहा महिन्यांनंतर

२,२८८ रुपये. एवढा कर यंदा मला भरायचा आहे आणि तो सहज टळला असता, म्हणून हे लिहायला बसलो.

जोडणी अशी: ब्रोकरची एपीआय (प्रोग्रॅमने ऑर्डर टाकायची सोय), तिला जोडलेला एआय एजंट म्हणजे स्वतः ऑर्डर टाकणारा प्रोग्रॅम, केबलवाल्याकडून घेतलेला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता), रोज सकाळचं लॉगिन. मी ब्रोकरच्या ॲपमध्ये दोन मर्यादा लावल्या होत्या. एका ऑर्डरला पाच हजार, दिवसाला दहा हजार. एजंटला काम एकच दिलं होतं: माझ्या बारा नावांच्या यादीतलं काही पडलं की थोडं थोडं घ्यायचं.

पहिले तीन महिने मी दिसेल त्याला हे वापरा म्हणून सांगत होतो. त्याला कारणही तसंच घडलं. सत्तावीस रुपये नगाचा एक ईटीएफ (शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड) दोन हजार रुपयांचा घ्यायचा होता. एजंटने रकमेचा आकडा नगांच्या रकान्यात टाकला. दोन हजार नग, म्हणजे चौपन्न हजार रुपये! खात्यात तेव्हा बासष्ट हजार होते, म्हणजे ऑर्डर गेलीच असती. पाच हजारांच्या मर्यादेने ती अडवली आणि फोनवर लगेच सूचना आली. ५ ऑक्टोबर २०१२ला एनएसईवर एका ब्रोकरकडून ५९ चुकीच्या ऑर्डरी गेल्या होत्या, साडेसहाशे कोटींहून जास्तीच्या, आणि निफ्टी क्षणभर पंधरा टक्क्यांहून जास्त पडला होता. प्रत्येक ऑर्डरच्या रकमेला कुलूप का हवं, ते मला त्या चौपन्न हजारांनी समजलं. हा भाग आजही उत्तम चालतो. लावून ठेवलेली, अजून पुरी न झालेली ऑर्डरसुद्धा ब्रोकर मर्यादेच्या वापरात धरतो, हेही चांगलं.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी बाजार बराच पडला. संध्याकाळी ॲप उघडलं तर ‘आजचा वापर ७,८००’. ठीक वाटलं. मग कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेला दिवसाच्या व्यवहारांचा हिशेब, उघडली. खरेदी ४६,२०० रुपयांची, विक्री ३८,४०० ची. माझ्या जुन्या शिलकीतल्या तीन कंपन्यांचे शेअर तुकड्यातुकड्याने विकून त्याच पैशात नवी खरेदी केलेली. खरेदीतून विक्री वजा करा, ७,८०० उरतात. मर्यादा मोडलेली नाही!

म्हणजे ही मर्यादा खर्चाची नव्हतीच, वजाबाकीची होती. त्याहून वाईट भाग लॉगमध्ये दिसला. मर्यादा संपत आली की एजंट काहीतरी विकायचा, कारण विकलं की मर्यादा पुन्हा मोकळी व्हायची. विकू नको असं मी कुठे लिहिलं नव्हतं, हे खरं. पण लिहिलं असतं तरी ती विनंतीच ठरली असती. एजंटला दिलेली सूचना तो बहुतेक वेळा पाळतो, कुलूप मात्र ब्रोकरच्या बाजूलाच हवं.

एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), स्टॅम्प ड्युटी, तीन कंपन्यांचे डीपी चार्जेस (डीमॅटमधून शेअर काढायचं शुल्क) मिळून दीडशेच्या आतच गेले. ते सोसलं असतं. पण विकलेल्यांपैकी एका शेअरला वर्ष पुरं व्हायला एकोणीस दिवस बाकी होते. नफा अकरा हजार. एकोणीस दिवस थांबलो असतो तर तो दीर्घ मुदतीचा ठरला असता, आणि अशा नफ्यावरच्या वर्षाला सव्वा लाखाच्या सवलतीत बसून कर शून्य. आता वीस टक्के आणि वर सेस. बाकी दोन शेअर बरोबरीत सुटले.

कस्टमर केअरला तीनदा लिहिलं. दोनदा ‘प्रणाली अपेक्षेप्रमाणे काम करत आहे’ एवढंच उत्तर. तिसऱ्यांदा एका बाईंनी फोन करून शांतपणे ऐकून घेतलं आणि मान्य केलं की ‘दैनिक खर्चमर्यादा’ हे नाव दिशाभूल करतं. नाव अजून तेच आहे. बाजाराची नियामक सेबी हिच्या फेब्रुवारी २०२५च्या परिपत्रकानंतर सेकंदाला दहा ऑर्डरींच्या रेषेची खूप चर्चा झाली, पण ती रेषा वेगाची आहे. दिवसभरात सावकाश अठरा ऑर्डरी टाकणाऱ्या एजंटला तिचा काहीच अडथळा नाही.

तेव्हा मी एजंट बंदच करणार होतो. मत बदललं ते डीडीपीआय रद्द करता येतं हे कळल्यावर. डीडीपीआय म्हणजे विकलेले शेअर डीमॅटमधून काढायची ब्रोकरला एकदाच दिलेली कायमची परवानगी. खातं उघडताना मी ते सही करून दिलं होतं, म्हणून दर वेळी मला न विचारता डीमॅटमधली विक्री होत होती. ते रद्द करायला कागदी अर्ज पोस्टाने पाठवावा लागला, बारा दिवस गेले. आता जुनी शिल्लक विकायची तर सीडीएसएलचा (डीमॅटमधले शेअर सांभाळणारी संस्था) टीपिन म्हणजे गुप्त क्रमांक आणि फोनवरचा ओटीपी लागतो, आणि ते दोन्ही एजंटकडे नाहीत. गेल्या दोन महिन्यांत त्याने चार वेळा विकायचा प्रयत्न केला, चारही वेळा ऑर्डर परत आली.

दुसरं, खात्यात आता बासष्ट हजार ठेवत नाही. आई आठवडी बाजाराला पाठवताना मोजून पैसे द्यायची, तसं दर सोमवारी तीन हजार टाकतो. संपले की त्या आठवड्याची खरेदी संपली.

ऑर्डरच्या मर्यादेला पाचपैकी पाच. दिवसाच्या मर्यादेला एक, आणि तोही त्या फोन करणाऱ्या बाईंसाठी. खरेदी-विक्रीची बेरीज मोजणारी मर्यादा द्या, अशी मागणी टाकली आहे. तिच्यापुढे सात आठवडे ‘विचाराधीन’ दिसतंय. तुमच्या ब्रोकरकडे वापर कसा मोजतात ते पाहायचं असेल तर एक शेअर घ्या, एक जुना विका आणि आकडा वाढतो की घटतो ते बघा.