व्हीआर हेडसेटवर इम्प्लांटचा सराव: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीत आम्ही तिघा डेंटिस्ट मित्रांनी वर्गणी काढून एक व्हीआर हेडसेट आणि इम्प्लांट सर्जरीच्या (पडलेल्या दाताच्या जागी हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवण्याच्या) सॉफ्टवेअरचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेतलं. हेडसेट एकाचा भाऊ परदेशातून येताना घेऊन आला, सबस्क्रिप्शनचे पैसे डॉलरमध्ये गेले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा या जातीच्या कुठल्याही हेडसेटला लागू पडतील.

मी सांगलीत प्रॅक्टिस करतो. बीडीएस होऊन चौदा वर्षं झाली, इम्प्लांट करायला लागून पाच. महिन्याला दोन-तीन केसेस, म्हणजे हात बसलाय म्हणावं इतक्याही नाहीत. मध्ये दोन महिने केस आली नाही की पुढच्या केसच्या आदल्या रात्री झोप नीट लागत नाही. त्यावर काहीतरी उपाय हवा होता.

याआधीचा सराव म्हणजे प्लास्टिकचे जबडे, नाहीतर बकऱ्याचे. रविवारी मटणवाल्याकडून मुंडीतला खालचा जबडा मागून आणायचा, साफ करायचा, शिकंज्यात आवळायचा आणि ड्रिल चालवायचं. घरी त्यावरून काय काय ऐकावं लागतं ते सोडा.

हेडसेट घातला की आपण ऑपरेशन थिएटरमध्ये. समोर हिरव्या चादरीखाली पेशंट, बाजूला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्री-डी स्कॅन. इम्प्लांटची लांबी-जाडी निवडायची, हिरडी कापून उचलायची, २ मिलिमीटरचं पहिलं बारीक, म्हणजे पायलट ड्रिल, मग एकेक जाड ड्रिल, मध्ये दिशा बघायला पिन, शेवटी इम्प्लांट. एक बटण दाबलं की जबडा काचेसारखा होतो आणि आतली नस पिवळी दिसते. ही नस मी चौदा वर्षं रोज बधिर करतोय. मागे ती जिभेच्या बाजूला असते आणि पुढे येता येता ओठाच्या बाजूला सरकते, हे परीक्षेपुरतं पाठही होतं. पण ड्रिलच्या टोकावर डोळा ठेवून ते वळण पाहिलं तेव्हा नसेपासून २ मिलिमीटर अंतर राखा, असं का बजावतात ते खरं कळलं.

सुरुवातीला एक माहितीपट आहे. आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रॅनेमार्क, त्यांच्या प्रयोगातले ससे, सशांच्या हाडात घट्ट बसलेलं टायटॅनियम, १९६५ सालचा स्वीडनमधला पहिला पेशंट. चांगला आहे. पण प्रत्येक अपडेटनंतर तो पहिल्यापासून लागतो आणि पुढे ढकलता येत नाही. आता मला ससे तोंडपाठ झालेत.

खरा फायदा झाला तो तिसऱ्या महिन्यात, आणि तोही रिप्लेमुळे. सर्जरी संपली की आपलेच हात पुन्हा चालताना दिसतात, आणि आपण कुठल्याही बाजूला जाऊन उभं राहू शकतो. खालच्या उजव्या पहिल्या दाढेच्या जागी, म्हणजे ४६ला, माझं ड्रिल दर वेळी जिभेकडे कललेलं. एकदा-दोनदा नाही, दर वेळी. सॉफ्टवेअर सहा-सात अंश दाखवायचं. मी आधी सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या. मग कपाटातून जुन्या केसेसचे एक्स-रे काढले, पण साध्या एक्स-रेत हा कल दिसतच नाही, तो गालाच्या बाजूनं घेतलेला असतो. सर्जरीनंतर सीबीसीटी काढलेल्या दोनच केसेस होत्या. दोन्हींत तेच.

हे क्षुल्लक नाही. त्या भागात जबड्याला आतल्या बाजूनं खळगा असतो. ड्रिल तिथून बाहेर पडलं आणि रक्तवाहिनी फाटली, तर जिभेखाली रक्त साचत जातं, जीभ वर ढकलली जाते आणि श्वास अडू शकतो. आजवर माझ्या हातून असं झालं नाही, ते निव्वळ नशीब म्हणायचं. पाच वर्षांत कोणी हे सांगितलं नव्हतं, कारण सर्जरी करताना माझ्या मागे उभं राहून बघणारं कोणी नव्हतंच. कारण साधंच निघालं: मी स्टूल उंच ठेवतो, त्यामुळे उजवं कोपर वर जातं आणि मनगट खाली पडतं. स्टूल चार बोटं खाली घेतलं. महिनाभर अवघडल्यासारखं वाटलं, आता सवय झालीय.

आता हाताचं सांगतो, कारण घेणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगत इथं होते. हाडाचा स्पर्श यात नाही. कंट्रोलर फक्त थरथरतो. खालच्या जबड्याचं पुढचं कडक हाड आणि वरच्या जबड्यातलं मागचं थर्माकोलसारखं हाड, दोन्हीकडे हाताला तेच. प्रत्यक्षात कडक हाडात ड्रिल पुढे सरकत नाही, आणि कवच फुटलं की एकदम आत जातं. तो ‘एकदम’ ओळखायलाच तर हात शिकवावा लागतो. अॅमस्टरडॅमच्या डेंटल कॉलेजबरोबर मूग कंपनीनं तयार केलेल्या सिमोडॉण्टसारख्या यंत्रात हाताला खरा विरोध जाणवतो. पण ते कॉलेजनं घ्यायचं यंत्र, तिघांच्या वर्गणीतलं नव्हे.

त्याहून वाईट म्हणजे बोट टेकवायला जागा नाही. आपण सगळे कॉलेजपासून शेजारच्या दातावर अनामिका टेकवून काम करतो. इथं दात दिसतात, बोट टेकवायला जावं तर हवा. पहिले दोन आठवडे माझं ड्रिल नवशिक्या रंगाऱ्याच्या ब्रशसारखं हलत होतं. शेवटी टेबलावर प्लास्टरचं मॉडेल ठेवलं, आभासी जबडा बरोबर त्याच्यावर आणून बसवला आणि बोट तिथं टेकवलं. निम्मा प्रश्न सुटला. घेणार असाल तर हे पहिल्या दिवशीच करा. डाव्या हातानं गाल ओढून उजव्यानं ड्रिल धरलं की दोन कंट्रोलर एकमेकांवर आपटतात, त्याला मात्र इलाज सापडला नाही.

डोळ्यांचंही तसंच. आपलं काम हातभरापेक्षा जवळचं. हेडसेटची भिंगं नजर दूर कुठेतरी ठरवून देतात, आणि डोळे मात्र जवळ वळवावे लागतात. वीस-पंचवीस मिनिटांनंतर कपाळ ठणकतं. मला चष्मा आहे, त्यामुळे भिंगं नंबरची करून घ्यावी लागली, तो खर्च वेगळा. मे महिन्यात फोमची पट्टी घामानं ओली व्हायची. अर्धा किलो वजन मानेवर घेऊन सांगलीच्या उन्हाळ्यात बसणं म्हणजे काय, ते बनवणाऱ्यांना माहीत नसावं.

आणि त्यांचा पेशंट! तो आवंढा गिळत नाही, जीभ मध्ये आणत नाही, ‘डॉक्टर, पाणी फार झालं’ म्हणत नाही. तोंड कायम भरपूर उघडं. माझ्याकडे येणारे कितीतरी पेशंट वर्षानुवर्षं मावा-गुटखा खाल्लेले. राज्यात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली, गाल अजून तसेच आखडलेले. दोन बोटं जेमतेम जातात अशा तोंडात मागच्या दाढेपाशी हँडपीस (ड्रिल फिरवणारं हातातलं यंत्र) आणि लांब ड्रिल उभं राहतच नाही, वर सर्जिकल गाइड (ड्रिलला दिशा देणारा साचा) लावला तर उंची आणखी वाढते. प्लॅन कितीही सुंदर असो, केस तिथंच अडते. सॉफ्टवेअरमध्ये तोंड कमी उघडायची सोय द्या, असं मी त्यांना दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा आभाराचा मेल आला.

एक फायदा ध्यानीमनी नव्हता. आमची असिस्टंट बारावी झालेली मुलगी. एका दुपारी कुतूहलानं तिनं हेडसेट मागितला. आठवड्याभरात तिला ड्रिलचा क्रम माझ्यापेक्षा पक्का झाला. ड्रिल करताना हाड थंड ठेवणारं सलाइन बंद राहिलं तर सॉफ्टवेअरमध्ये हाड लाल होत जातं. हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी मरायला लागतं, हे मी तिला आधी दहादा सांगितलं असेल, पण लाल झालेलं तिनं स्वतः पाहिलं. आता सर्जरीत सलाइनच्या नळीला पीळ पडला तर माझ्याआधी तिच्या लक्षात येतं. मागच्या महिन्यात तर ‘सर, कोपर’ एवढंच म्हणाली, पेशंटला कळलंही नाही.

सबस्क्रिप्शन आता संपत आलंय. आमच्यातला एक जण बाहेर पडला. त्याला चक्कर येते, त्यानं एकूण चार तास वापरला असेल. दुसरा म्हणतो, एवढ्या पैशात चांगला हँड्स-ऑन कोर्स होतो, आणि स्पर्शाच्या बाबतीत त्याचं खरं आहे. पूर्ण नवख्याला मीही आधी कोर्सच कर म्हणेन. ज्यानं खऱ्या हाडात एकदाही ड्रिल घातलेलं नाही, त्याला यातली ड्रिलची दिशा दाखवणारी हिरवी रेघ भलताच आत्मविश्वास देईल, आणि पेशंटच्या तोंडात हिरवी रेघ नसते.

मी दोघांच्या वाट्याचे पैसे घालून आणखी एक वर्ष घेतोय. केसच्या आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं, त्याच जागेचा सराव, मग रिप्ले मागून एकदा आणि वरून एकदा, एवढाच माझा वापर उरलाय. डावीकडच्या त्याच दाढेचे, म्हणजे ३६चे, रिप्ले अजून नीट पाहिलेले नाहीत. तिथं मनगट उलट्या बाजूला पडतं की काय, अशी शंका आहे. बकऱ्याचा जबडाही चालू आहे. या रविवारी दोन सांगून ठेवलेत, एक असिस्टंटसाठी.