मरळीसाठी स्पिनिंग रॉड आणि रबरी बेडूक: सहा महिने वापरल्यावर

दिवाळीत मरळ माशासाठी सात फुटी मीडियम-हेवी (जरा कडक) रॉड, 3000 साइजचा रील, 30 पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाईन आणि आमिष म्हणून चार पोकळ रबरी बेडूक घेतले. तोवर आमचं सगळं तंगूस, गळ आणि गांडुळावर चालायचं. संकेश्वरहून घटप्रभेवरचं हिडकलचं धरण जवळ. मासेमारीच्या ठेकेदाराच्या माणसांना विचारून रविवारी पहाटे होडीतून जातो.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जवळजवळ काहीच लागलं नाही. महाशिवरात्र झाली, ऊन चढायला लागलं आणि मरळ वर दिसू लागली. घटप्रभेचं पाणी मागे हटलं की काठाचं गवत आणि बुडालेल्या बाभळींची खोडं वर येतात. ती तिथंच दबा धरून असते. मरळीला हवा घ्यायला मधूनमधून वर यावंच लागतं, तेव्हा पाण्यावर वलय उठतं. त्या वलयाच्या पलीकडे बेडूक टाकायचा आणि गवतावरून सावकाश आणायचा. याचे दोन्ही गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून गवतात अडकत नाही. तीन टोकी गळाचा स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) मी तिथं पहिल्याच फेकीत गमावला.

मला जड गेलं ते थांबणं. मरळ बेडकावर अशी तुटून पडते की हात आपसूक झटका देतो आणि बेडूक रिकामाच परत येतो. पहिल्या अकरा धडकांत हाती दोन मासे. होडीवाले मामा दर वेळी "निधान, निधान" म्हणायचे, म्हणजे कानडीत सावकाश. मग धडक बसली की मनात दोन आकडे मोजायचे, लाईन ताणली गेली की पूर्ण ताकदीनं ओढायचं, असं ठरवलं. तिचा जबडा हाडाचा, हलका झटका गळ रुतवत नाही. गळांची टोकं पकडीनं किंचित बाहेर वाकवली, त्याचाही फरक पडला. मार्चमध्ये निम्म्याहून जास्त धडका मासा देऊन गेल्या. सगळ्यात मोठी दोन किलोला थोडी कमी होती.

आता सामानाचं. रॉड उत्तम, पण होडीत बसून फेकायला साडेसहा फुटी घ्या. लाईन खोडांवर घासते. दर फेरीनंतर पुढची हातभर कापून बेडूक बांधायची पालोमार गाठ पुन्हा मारतो. बेडूक दात लागून फाटतात, आत पाणी शिरतं आणि बुडतात. पंक्चरचं सोल्युशन लावून पाहिलं, एक सकाळ टिकतं. चारातला एकच शाबूत आहे. रीलचा ड्रॅग (मासा ओढू लागला की लाईन सावकाश सोडणारा ब्रेक) चौथ्या महिन्यातच धक्के देत सुटू लागला, त्या पायी एक मोठी मरळ तुटून गेली. तो मी बदलणार आहे.

पाऊस लागला की नर-मादी दोघं लालसर पिल्लांच्या थव्याभोवती राखण करतात. त्या वेळी ती बेडकावर येते ती पिल्लांसाठी, आणि ती उचलली तर थवा उघडा पडतो. म्हणून जूनपासून रॉड माळ्यावर.