पावती नेमकी अडते कुठे? फायरबेस परफॉर्मन्स मॉनिटरिंग वापरून पाहिलं

नागपूरच्या कळमना बाजारातल्या आडत्यांसाठी आम्ही काटापावतीचं अँड्रॉइड अ‍ॅप चालवतो. हर्रास झाला, माल काट्यावर चढला, की मुनीमजी मोबाइलवर वजन टाकतात अन् ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर शेतकऱ्याची पावती निघते. संत्र्याची आवक वाढली आणि पावती चार सेकंद जरी अडली, की मला फोन येतो, "काहून भाऊ, झोपलं का तुमचं अ‍ॅप?" आयटी पार्कात, एसीत, माझ्या टेबलावरच्या फोनवर ते कधीच झोपत नाही. म्हणून प्रत्यक्ष फोनवर अ‍ॅप किती वेगाने चालतं ते मोजणारं गूगलचं हे फुकटातलं साधन, फायरबेस परफॉर्मन्स मॉनिटरिंग, लावलं.

अ‍ॅप उघडायला लागणारा वेळ, नेटवर्कच्या विनंत्या, 16 मिलिसेकंदांपेक्षा जास्त खाणाऱ्या फ्रेम आणि 700 च्या पुढे गोठलेल्या फ्रेम, हे सगळं ते आपोआप मोजतं. ठीक आहे. पण खरा माल कस्टम ट्रेसमध्ये आहे. आपल्या कोडमध्ये हवं तिथे स्टार्ट, हवं तिथे स्टॉप. मधला वेळ बाजारातल्या प्रत्यक्ष फोनवरून गोळा होऊन कन्सोलवर, म्हणजे फायरबेसच्या वेबपानावर, दिसतो. मी 'पावती' बटणापासून प्रिंटरपर्यंतच्या कामाचे तुकडे पाडले: हिशोब, डेटाबेसमधली नोंद, पावतीचं चित्र, ब्लूटूथ जोडणी. चित्र यासाठी, की स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, अख्खी पावती बिटमॅप करून पाठवावी लागते.

संशय सगळ्यांचा ब्लूटूथवर होता. मध्यक (मधोमधचा आकडा) पाहिला तर सगळंच छान दिसत होतं. 90 वा पर्सेंटाइल, म्हणजे सगळ्यात संथ दहा टक्के जिथून सुरू होतात तो आकडा, लावला आणि चोर सापडला: चित्र! ट्रेसला मी दोन गोष्टी चिकटवल्या होत्या, पावतीवरच्या ओळी मेट्रिक (मोजलेला आकडा) म्हणून आणि फोनची उष्णता अ‍ॅट्रिब्यूट (डेटा चाळायची खूण) म्हणून (अँड्रॉइड 10 पासून सिस्टिम ती सांगते). एप्रिलमध्ये, संत्र्याच्या मृग बहाराच्या शेवटच्या मालाला, टिनाच्या शेडखाली फोन तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि लांब पावती रखडते. आता आडत्याचं नाव-पत्ता अन् रकान्यांची चौकट आधीच काढून ठेवतो. पावतीच्या वेळी फक्त आकडे चढतात. मला येणारे फोन बंद झाले नाहीत, पण आता ते प्रिंटरचा कागद संपल्याचे असतात.

लावताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. एका ट्रेसला अ‍ॅट्रिब्यूट पाचच मिळतात, तेव्हा विचार करून खर्च करा. शेतकऱ्याचं नाव किंवा मोबाइल नंबर तर त्यात टाकूच नका. कोडमधल्या मेथडच्या डोक्यावर अ‍ॅडट्रेस (@AddTrace) ही खूण लिहून ट्रेस लावणं सोपं, पण त्याला स्वतःचे मेट्रिक किंवा अ‍ॅट्रिब्यूट जोडता येत नाहीत. अँड्रॉइड 12 पासून ब्लूटूथची परवानगी विचारली जाते. स्टार्ट तिच्यानंतर ठेवा, नाहीतर मुनीमजींनी चहा पिता पिता परवानगी दिली तर चहाही मोजला जाईल.

सगळ्यात फसवी बाब वेगळीच आहे. स्टॉप झालाच नाही तर तो ट्रेस पोहोचतच नाही. म्हणजे अ‍ॅप मधेच बंद पडलं, वैतागून कुणी ते काढून टाकलं, तर सगळ्यात वाईट पावत्याच आकडेवारीतून गायब, आणि आलेख मात्र गुळगुळीत. त्यामुळे शेजारी क्रॅशलिटिक्स, म्हणजे अ‍ॅप बंद पडल्याची नोंद ठेवणारं फायरबेसचंच साधन, हवंच. शिवाय हे एकेका ग्राहकाची तक्रार शोधायचं साधन नाही. अमुक आडत्याची सकाळची पावती का अडली, हे त्यात सापडणार नाही. त्यासाठी आपला लॉग आपणच ठेवायचा.

माझी खरी कुरकूर 90 दिवसांवर आहे. कामगिरीचा डेटा तेवढेच दिवस राहतो. दर आठवड्याला नवं व्हर्जन काढणाऱ्यांना तेवढं पुरत असेल. आमचा धंदा बहारावर चालतो: आंबिया दिवाळीच्या आगेमागे, मृग फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. यंदाच्या आंबियाची गाठ मागच्या आंबियाशी घालायची तर कन्सोलवर काहीच उरलेलं नसतं. डेटा बिगक्वेरीत, म्हणजे गूगलच्या मोठ्या डेटाबेस सेवेत, उतरवायची सोय आहे, पण वापर वाढला की तिथलं बिल वेगळं, आणि क्वेरी लिहिणारा माणूसही लागतो. आमच्याकडे तो मीच.

पाचपैकी चार.