उसाच्या रसातला आरएस (रिड्यूसिंग शुगर, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोज) मोजायला फेलिंग, डीएनएस का एचपीएलसी?

कारखान्याच्या लॅबसाठी नवीन काही घ्यायचं चाललंय तर एक गोष्ट आधी, ब्रिक्स (रसात विरघळलेलं एकूण सगळं) आणि पोल (पोलॅरिमीटरवर दिसणारी साखर) यांवरून आरएस कळत नाही. ऊस तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडला किंवा जळका आला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ब्रिक्स चांगला दिसतो पण उतारा जातो, त्यामुळे आरएस वेगळा काढायलाच लागतो.

फेलिंगची (तांब्याच्या निळ्या द्रावणात ब्युरेटने रस सोडायची), म्हणजे लेन आणि आयनॉनची पद्धत 1923 ची आहे तरी माझं मत अजून तिलाच. ब्युरेट, हीटर, मिथिलिन ब्ल्यू, एवढ्यावर काम होतं. 10 मिली फेलिंग द्रावणाला साधारण 50 मिलीग्रॅम इन्व्हर्ट शुगर (ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण) लागते, म्हणजे अर्धा टक्का आरएस असलेला रस 20 मिलीचा 100 मिली केला की ब्युरेटचं रीडिंग 50 मिलीच्या जवळ येतं, आणि ते 15 ते 50 मध्येच बसवायचं. पण उकळी मोडता कामा नये, दोन मिनिटं उकळल्यावर इंडिकेटर (मिथिलिन ब्ल्यू) टाकून पुढच्या एका मिनिटात निळा रंग घालवायचा, इथे नवीन पोरगा हमखास चुकतो. आणि पद्धतीच्या तक्त्यातलं सुक्रोजचं (साध्या साखरेचं) करेक्शन धरा, नाहीतर आरएस उगाच जास्त येतो, कारण रसात साखर आरएसच्या कितीतरी पट असते. रस साफ करायला लेड ॲसिटेट वापरत असाल तर शिसं उरतं, ते बेसिनमध्ये ओतू नका प्लीज.

डीएनएस (आरएसबरोबर उकळलं की रंग बदलणारं रसायन; मिलर, 1959) सॅम्पल ढीगभर असतील तरच. ट्यूब उकळत्या पाण्यात ठेवून मग 540 नॅनोमीटरला रंग वाचायचा, एका वेळी वीस-तीस ट्यूब निघतात, म्हणून व्हरायटी ट्रायलला किंवा यार्डातल्या शिळ्या उसाच्या तपासणीला मस्त. पण रसाचा स्वतःचा रंग मध्ये येतो, प्रत्येक सॅम्पलचा ब्लँक (रसाचा स्वतःचा रंग वजा करायची वेगळी ट्यूब) लावा, स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या साखरेवरून रंगाचा आलेख) रोज काढा.

एचपीएलसी (रसातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं मशीन) ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज वेगवेगळं दाखवतं, अचूक आहेच. पण कॉलम महाग, रस 0.45 मायक्रॉनने गाळायचा, आणि मशीन सांभाळणारा माणूस रात्रपाळीला कुठून आणणार? डिस्टिलरीसाठी फर्मेंटेबल शुगरचा (आंबवून अल्कोहोल होणाऱ्या साखरेचा) हिशोब रोज लागत असेल तर घ्या.

साखर तपासायचं घरगुती ग्लुकोमीटर मात्र नको, ते फक्त ग्लुकोज धरतं, फ्रुक्टोज सुटतं.

आणि पद्धत कुठलीही घ्या, सॅम्पल आणल्या आणल्या लावा. रस तासभर टेबलावर राहिला की आरएस तिथेच वाढत जातो, मग मशीन लाखाचं असो का ब्युरेट, आकडा गव्हाणीतल्या (गाळपाला टाकलेल्या) उसाचा राहत नाही.