सातवी 'ब'साठी केलेली दोन दिवसांची कार्यशाळा

नाशिकला गंगापूर रोडवर शनिवार-रविवार झालेल्या या शिक्षक कार्यशाळेला मी स्वतःचे १२०० रुपये भरून गेले. विषय होता, वर्गात सतत गोंधळ घालणाऱ्या मुलांना विचार करायची सवय लावून कसं सावरायचं. सातपूरच्या शाळेत माझ्याकडे सातवी 'ब' आहे, पट ५८.

शनिवारची सकाळ वाया गेली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं छडी आणि अपमान दोन्ही बंद केलेत, हे आम्हाला पाठ आहे. त्यावर दीड तास कशाला?

दुपारी मात्र कार्यशाळा घेणाऱ्या बाईंनी माइकेनबॉम आणि गुडमन या मानसशास्त्रज्ञांची १९७१ ची पद्धत आमच्याकडूनच करून घेतली. आधी शिक्षकानं गणित सोडवताना स्वतःशी मोठ्यानं बोलून दाखवायचं. मग मुलानं आपल्या सांगण्यावरून सोडवायचं, नंतर स्वतःच मोठ्यानं बोलत, मग पुटपुटत आणि शेवटी मनातल्या मनात. त्या अभ्यासात उतावळ्या मुलांची चाचण्यांतली कामगिरी सुधारली, वर्गातल्या वागण्यात मात्र तसा फरक पडला नाही, हेही बाईंनी लपवलं नाही. तिथेच माझा विश्वास बसला.

माझ्या तिसऱ्या बाकावरचा एक जण प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो आणि चुकलं की शेजारच्याला ढोसतो. त्याला ऑफ तासाला एकट्यालाच बोलावलं, चारचौघांत नाही. फळ्यावर तीन छेद चार अधिक एक छेद सहा लिहिलं आणि मी बोलायला लागले, "थांब. काय विचारलंय? छेद सारखे आहेत? नाहीत. मग आधी लसावि. चुकलं तरी परत बघू." पहिल्या दिवशी तो नुसता हसला. दहाव्या दिवशी भर वर्गात त्याचे ओठ हलताना दिसले, आवाज नव्हता. मग हात वर आला. अकरा छेद बारा. ढोसाढोशी अजून होते, पण त्या तासाला झाली नाही.

तक्रार एकच, पण मोठी आहे. सगळी उदाहरणं वीस-पंचवीस मुलांच्या वर्गाची होती. अठ्ठावन्नांत एकासाठी रोज दहा मिनिटं कुठून काढायची, याचं उत्तर मिळालं नाही. नंतर शंका विचारा म्हणाले होते, दोनदा मेसेज केला, अजून उत्तर नाही.

तरी पुढच्या बॅचला आमच्या गणिताच्या सरांना पाठवतेय. त्यांची अर्धी फी मी भरणार आहे.