प्लगातला हीटर आणि माझे ११,७७३ रुपये

गोव्यात राहून हीटर घेतला असं सांगितलं की लोक आधी हसतात. पणजीचा माणूस तर जरा जास्तच. म्हणून आधीच सांगतो, आम्ही सत्तरी तालुक्यातले, केरी गावचे. पाठीमागे चोर्ल्याचा घाट, पलीकडे अंजुणे धरणाचं पाणी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे घाटावरनं जो वारा उतरतो, तो समुद्राकाठच्या लोकांना ठाऊक नसतो. घर आमचं आजोबांच्या वेळचं, चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं आणि कौलांखाली काही नाही. आडवं पडलं की वाशांमधून उजेडाच्या चिरा दिसतात. गेल्या जानेवारीत एकदा पहाटे आईच्या खोलीत थर्मामीटर ठेवून बघितला, पारा १७ वर. दिल्लीवाल्याला हा उन्हाळा वाटेल. पण आई एकोणऐंशीची, गुडघे आखडलेले, रात्री तीनला उठून बसते आणि पाय चोळत राहते.

पूर्वी खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवायचो. वाळपईच्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि मलाच झापलं. बंद खोलीत कोळशाचा वायू कोंडला तर झोपेतच माणूस जातो, कळतही नाही, म्हणाले. ते त्याच दिवशी बंद केलं, आणि रात्री फोनवर ‘घरासाठी स्वस्त हीटर’ असं शोधलं. पुढचे चार दिवस फोन उघडला की हीटरच दिसायचे.

त्यातली एक जाहिरात चक्क मराठीत होती. मराठी जरा वाकडं होतं (‘आपल्या प्रियजनांना उबदार ठेवा आज’), पण मराठी पाहून माणूस सैल पडतो हे खरं. प्लगात थेट खोचायचा, मुठीएवढा हीटर. ‘फक्त ४०० वॉट. दहा मिनिटांत संपूर्ण खोली २५ अंश. वीज बिलात ८० टक्के बचत. जर्मन तंत्रज्ञान.’ कोपऱ्यात वीज खात्याच्या बोधचिन्हासारखं काहीतरी आणि ‘मान्यताप्राप्त’ असा शिक्का. किंमत ५,९९९ खोडून १,८९९. खाली घड्याळ उलटं पळत होतं, ऑफर संपायला अकरा मिनिटं. पैसे पार्सल आल्यावर द्यायचे, म्हणजे धोका कसला? मी काजूच्या कारखान्यात हिशेब बघतो. चोवीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासतोय. ऑर्डर दिली.

पाच दिवसांनी पार्सल आलं. मी म्हटलं, आधी उघडून बघतो. पोरगा म्हणाला, काका, आधी पैसे, तसाच नियम आहे. त्याची चूक नाही, तो पगारावर. पैसे दिले, तो गेला, मग लेबल वाचलं. पाठवणाऱ्याचं नाव जाहिरातीतल्या नावाशी जुळत नव्हतं. पत्ता परराज्यातल्या कुठल्याशा गोदामाचा, फोन नंबर नाही. खोक्यात बिलही नव्हतं. तिथेच पाल चुकचुकायला हवी होती.

लावला. घुंऽऽ करत पंखा फिरला, पुढ्यात हात धरला तर गरम हवा लागली. बरं वाटलं. आईच्या खोलीत लावून आम्ही झोपलो. सकाळी तिला विचारलं तर म्हणाली, “पुता, हातूंतल्यान वारो येता, ऊब येना.” (यातून वारा येतो, ऊब येत नाही.) थर्मामीटरवर साडेसतरा. प्लगापाशी जळक्या प्लास्टिकचा वास येत होता आणि सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी कडं उमटलं होतं.

माझा भाचा आयटीआय झालेला, वायरिंगची कामं घेतो. रविवारी आला. हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, “मामा, हें कितें हाडलां?” (हे काय आणलंय?) पिना दोनच, अर्थिंगची तिसरी नाही. आयएसआयची खूण नाही. तो शिक्का असता तर वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो, आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ नावाच्या सरकारी ॲपात टाकला की परवाना कुणाचा ते दिसतं. मला हे पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मग त्याने स्क्रू काढले. आत खेळण्यातल्यासारखा पंखा, त्याच्यापुढे सिरॅमिकची पट्टी आणि पापडाला लाजवतील अशा पातळ वायरी.

त्यानंतर त्याने जे केलं ते प्रत्येकाने आपापल्या घरी करून बघावं असं आहे. घरातलं सगळं बंद केलं, फ्रीजसुद्धा. फक्त तो हीटर चालू. मग आम्ही दोघं मीटरपुढे उभे राहिलो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो ना, आमच्या मीटरवर लिहिलंय की ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. (तुमच्या मीटरवर हा आकडा वेगळा असू शकतो, वाचून घ्या.) घड्याळ लावून मोजल्या, मिनिटाला वीस. म्हणजे तासाला १२००. म्हणजे सुमारे ३७५ वॉट. “वॉट खरे लिहिलेत,” भाचा म्हणाला, “लबाडी दुसरीकडे आहे.”

ती त्याने वहीच्या मागच्या पानावर मांडली. आईची खोली बारा बाय चौदा फूट, उंची सरासरी दहा. आत हवा साधारण ४८ घनमीटर, वजन ५७ किलोच्या आसपास. हवेला वजन असतं हे शाळेत शिकलो होतो, पण आईच्या खोलीत एका माणसाच्या वजनाइतकी हवा भरलीय हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ती १७ वरून २५ अंशांवर न्यायला अंदाजे ४६० किलोज्यूल उष्णता हवी. ४०० वॉटचा हीटर दहा मिनिटांत देतो २४०. म्हणजे भिंती नाहीत, जमीन नाही, कौलं नाहीत, एकही फट नाही अशी खोली असती तरी दहा मिनिटांत निम्मंच काम व्हायचं. आणि आमच्याकडे तर गरम हवा वर जाते ती कौलांतून थेट घाटाच्या दिशेने.

हिशेबनीस म्हणून मला खरी चपराक बसली ती पुढच्या ओळीला. तारेतून वीज जाऊन तापणारं कुठलंही यंत्र घ्या, हजाराचं असो की वीस हजारांचं, एका युनिटमधून ८६० किलोकॅलरीच उष्णता निघते. जास्त नाही, कमी नाही. बाजारात मिळणारा दोन हजार वॉटचा पंखेवाला हीटर तासाला दोन युनिट घेतो आणि दोन युनिटांची उष्णता देतो. आत तेल भरलेला, उभ्या पट्ट्यांचा रेडिएटर तेवढ्याच विजेत तेवढीच देतो, फक्त हळू तापतो आणि बंद केल्यावर थोडा वेळ धग धरून ठेवतो. माझा मुठीएवढा हीटर दोन हजारवाल्यापेक्षा ८० टक्के कमी वीज घेत होता, जाहिरात त्या बाबतीत खोटी नव्हती. ऊबही ८० टक्के कमी देत होता, तेवढं लिहायचं राहिलं होतं.

इथपर्यंत नुकसान १,८९९ चं. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायलाही बसलो नसतो.

सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी फोनवर त्या कंपनीचं नाव टाकून पुढे ‘कस्टमर केअर’ लिहिलं. पहिलाच नंबर आला, साधा दहा आकडी मोबाइल. उचलणारा हिंदीत बोलला, फार अदबीने, सर-सर करत. तक्रार ऐकून घेतली, वर मलाच म्हणाला की ही बॅच खराब निघाली आहे, आम्हाला खेद आहे, पैसे आत्ताच परत करतो. पैसे भरायचं ॲप उघडा. त्याने एक खातं सांगितलं, ‘रिफंड विभाग’ असं नाव दिसलं. मग म्हणाला, आता तुमचा रिफंड कोड टाका, ९८७४. कुठे? तिथेच, खालच्या चौकटीत. मी टाकला. मग म्हणाला, खात्री पटवण्यासाठी पिन टाका. टाकला.

ती चौकट रकमेची होती. ९,८७४ रुपये गेले.

हे लिहिताना आजही कान तापतात. त्या चौकटीला रुपयाचं चिन्ह होतं. मी रोज तेच चिन्ह बघतो. पण माणूस ‘कोड’ म्हणाला की डोळ्यांना कोडच दिसतो, त्यात एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला, हे मी स्वतः आईला दहा वेळा समजावलेलं. ती तर पैसे पदरातच ठेवते, तिला कोण फसवणार!

एक गोष्ट बरी केली. लाजेने गप्प बसलो नाही. सुटका झाली ती शेजारच्या टेबलावरच्या मुलीमुळे, तिने लगेच १९३० लावून दिला. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचं खातं एवढं विचारतात. मग बँकेला कळवलं आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर लेखी तक्रार टाकली. हे सगळं तासाभरात झालं, म्हणून समोरच्या खात्यात उरलेले ३,२०० रुपये तरी गोठवले गेले. बाकीचे तोवर पुढे सरकले होते. गोठवलेले अजून माझ्या हातात आलेले नाहीत, कागद फिरतायत. संध्याकाळी फोन केला असता तर गोठवायलाही काही उरलं नसतं.

हीटरची वेगळी तक्रार १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर केली. तिथे विचारलं, विक्रेत्याचं नाव-पत्ता? माझ्याकडे फक्त गोदामाचं लेबल. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा संपर्क दाखवायलाच हवा. ते त्या पानावर नव्हतं, आणि ऑर्डर देताना मी ते शोधलंही नव्हतं. विक्रेता धड असता तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, आणि आपण राहतो तिथेच दावा लावता येतो. पण नोटीस पाठवायची कुणाला, कौलांवरून उडालेल्या कावळ्याला? वाळपईत वीज खात्याचा ओळखीचा लाइनमन भेटला, त्याला ते बोधचिन्ह दाखवलं. तो हसला. “भाऊ, खातं कोणाचा हीटर मान्य करीत बसत नाही. लोकांचे फ्यूज लावताना आमची दमछाक होते.”

आईची सोय शेवटी अशी झाली. खोलीला वर प्लायवुडचं छत मारून घेतलं, सुताराने दोन दिवस घेतले, आणि दाराला जाड पडदा. नुसत्या तेवढ्यानेच पहाटे दोन-अडीच अंशांचा फरक दिसला, एक युनिटही न जाळता. अंथरुणाखाली घालायची विजेची गादी घेतली, शंभर वॉटच्या आतली, दुकानात जाऊन, आयएसआय बघून, पक्कं बिल घेऊन. झोपायच्या आधी अर्धा तास लावतो आणि आई आडवी झाली की बंद करतो. तिच्या वयाला रात्रभर चालू ठेवायचा धीर होत नाही. गुडघ्यांना गरम पाण्याची रबरी पिशवी. आख्खी खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त पडतं, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं कारण त्यात विकण्यासारखं थोडंच असतं.

खरोखर कमी विजेत जास्त ऊब देणारी एकच वस्तू भाच्याने सांगितली, ती म्हणजे गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी. तो उष्णता बनवत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, उलट्या फ्रीजसारखा. त्यामुळे एका युनिटला तीन-एक युनिटांची ऊब मिळू शकते, आणि आपल्याकडच्या नरम थंडीत तर तो चांगलाच चालतो. पण वर्षातल्या पन्नास थंड रात्रींसाठी, तेही गळक्या कौलांखाली, तेवढा खर्च मला पटला नाही. बंद फ्लॅटमध्ये ज्यांना एसी घ्यायचाच असेल त्यांनी गरम-थंड दोन्ही करणारा आहे का, हे जरूर विचारावं.

जाता जाता गिझरचं सांगतो, कारण त्याच सुमारास म्हापशाच्या एका दुकानात मला ‘कमी वॉटचा, बिल वाचवणारा’ गिझर दाखवला गेला. आता मी शहाणा झालो होतो. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतो. हजार वॉटचा गिझर ते सदतीस मिनिटांत करेल, तीन हजारचा बारा मिनिटांत. बिल तेवढंच. साठवणीच्या गिझरवरचे बीईईचे (सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारे सांगतात ते वेगळंच, तापवलेलं पाणी नुसतं पडून असताना किती उष्णता गळते ते. मी दुकानदाराला हे ऐकवलं तर त्याने चहा मागवला आणि विषय बदलला. आमच्या न्हाणीत तसं अजून भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं आहे, खाली नारळाची सोडणं-चुडतं पेटवतो. पाहुणे आले तरच गिझरचा खटका.

तो मुठीएवढा हीटर भाच्याने नेला, पंखा कशाला तरी वापरीन म्हणाला. परवा वहिनीने फोन पुढे केला, “भावजी, हे घेऊ काय?” नाव दुसरं, रंग पांढऱ्याचा काळा झालेला, किंमत १,६९९. खाली घड्याळ पळत होतं, अकरा मिनिटं उरली होती.